गॅलरीतला मामा

"आपल्या हॉलला गॅलरी नाय," हैबतरावशेठ म्हणाले. "जे नाय ते हाय म्हणून छापायचं नाय. गिऱ्हाईक येऊन जिना शोधत बसेल."

आम्ही पेणला आलो होतो, आणि समोर कम्प्युटर क्लासची प्रतिक्षा बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. रोह्यातली शेठची भातगिरणी आणि 'गिरजाबाई मंगल कार्यालय' या दोन्हींचा कारभार मी बघतो. शेठ काय म्हणतात त्याचा अर्थ लावून समोरच्याला सांगणं हेही त्यात येतं. पण त्या दिवशी माझीच पंचाईत झाली. आमच्या वेळच्या बी. कॉम.वाल्याला गॅलरी म्हणजे एक तर चाळीची किंवा थिएटरची. तिसरी आम्हाला कुणी शिकवली नव्हती.

"शेठ, ही बांधायची गॅलरी नाही," प्रतिक्षा म्हणाली. "तुमच्या वेबसाइटवर हॉलचे फोटो एका पानावर ओळीने लावायचे. त्याला फोटो गॅलरी म्हणतात. शेजारी लग्नाचा एक छोटा व्हिडिओ."

"मग अल्बम म्हण ना, पोरी."

"अल्बम घरात असतो. गॅलरी सगळ्यांना दिसते."

हे वाक्य तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. पुढे जे झालं ते सगळं याच वाक्यात होतं.

१९९८ची दिवाळी नुकती झाली होती. वेबसाइटचं खूळ शेठच्या दुबईतल्या पुतण्याचं. त्याचं म्हणणं असं, की मुंबई-ठाण्याला नोकरीला गेलेली आपली माणसं लग्नं गावाकडे लावतात, हॉल न बघता ठरवतात आणि आल्यावर भांडतात. वेबसाइट असली की आधीच बघतील. "आणि आधीच भांडतील," मी म्हटलं होतं. शेठना मात्र कल्पना आवडली. त्यांच्या आईचं, गिरजाबाईंचं नाव कम्प्युटरवर दुबईत दिसणार होतं.

रोह्याला परतल्यावर शेठनी पहिलं काम काय केलं असेल, तर विठू गवंड्याला बोलावलं. "पोरगी काय म्हणते ते राहू दे, पण वरून फोटो झ्याक येईल. दरवाजाच्या वर गॅलरी काढ." विठू हा आमचा जुना गवंडी. बोहल्याची पायरी त्यानेच बांधलेली. ती इतर पायऱ्यांपेक्षा चांगली चार बोटं उंच आहे आणि आजवर प्रत्येक नवरी तिथे अडखळलेली आहे. विठूला विचारलं तर म्हणतो, "पायरी बरोबर हाय, पोरी वर बघून चालतात."

तर एकीकडे विठूची गॅलरी सुरू झाली आणि दुसरीकडे माझी.

फोटो आणायचे कुठून? आमच्या हॉलवरची बहुतेक लग्नं निकेश फोटोवाला करतो. निगेटिव्ह तो जपून ठेवतो. त्याने पिशवीभर फोटो आणि काही कॅसेटी माझ्या टेबलावर आणून टाकल्या. "नाना, निवडा. पण नवऱ्याकडच्या बायकांचे जेवतानाचे फोटो घेऊ नका. आधीच सांगतो."

मी निवडीचे नियम ठरवले. नियम असले की वाद होत नाहीत. फोटोत हॉलच्या नावाचा बोर्ड दिसला पाहिजे. सजावट पूर्ण पाहिजे. खरकटं, रडणारं पोर आणि बनियनवरचा आचारी नको. शेठनी आपला एक नियम वाढवला, "पंखे दिसायला पाहिजेत." पंखे त्यांनी दोन-चार वर्षांपूर्वीच बसवले होते, लांब दांडीचे, आणि हॉलमध्ये आल्यावर ते माणसाआधी पंख्याकडे बघत.

या सगळ्या चाळणीतून एकाच जातीचे फोटो खाली उतरले. नवरीचा मामा तिला हाताला धरून बोहल्याकडे आणतो, त्या क्षणाचे. कारण सोपं होतं. निकेश दर लग्नात त्या वेळी एकाच खांबाला टेकून उभा असतो, आणि तिथून बोर्ड, फुलं, पंखे सगळं एका चौकटीत येतं. बोर्ड आणि पंखे तपासत मी आठ निवडले, चेहऱ्यांकडे बघितलंच नाही. गिरजाबाईंचा हार घातलेला फोटो सर्वांत वर. गठ्ठा बांधला, आणि शेठ आणि मी गाडी पकडून पेणला गेलो.

प्रतिक्षाने एकेक फोटो यंत्रावर पालथा घातला. व्हिडिओवरून मात्र जुंपली. शेठना अख्खी कॅसेट हवी होती, हळदीपासून पंगतीपर्यंत.

"शेठ, तेवढी कॅसेट टाकली, तर बघणाऱ्याचं लग्न होऊन पोरं शाळेत जातील तोवर कम्प्युटरवर उतरत बसेल."

"मग पंगत तरी."

"अर्धं मिनिट. त्यात काय पाहिजे ते सांगा."

शेवटी तोच मामा-नवरीचा तुकडा घ्यायचं ठरलं. टपालाच्या तिकिटाएवढं चित्र आणि त्यात माणसं मुंग्यांएवढी. पण आवाज मात्र स्वच्छ. नवरी पायरीजवळ येते आणि मामाचा दबका आवाज येतो, "घाबरू नको गो बाय. खाली बघ, पायरी हाय."

मग प्रतिक्षाने टेलिफोनची तार जोडली, कम्प्युटर किरकिरला, खाकरला आणि पान उघडायला लागलं. फोटो एकदम येत नाही, वरून खाली सरकत येतो. आठही चौकटींत आधी छत आलं, मग पंखे. शेठ खूश. "बघ, आधी पंखे आले!" मग आठही चौकटींत एकदमच एकेक गुलाबी फेटा उतरला. मग फेट्याखाली कपाळ. मग मिशी.

प्रतिक्षा खुर्चीत मागे टेकली.

"काका," ती मला म्हणाली, "ह्या माणसाला बहिणी तरी किती?"

मी चष्मा पुसला. आठ नवऱ्या वेगळ्या होत्या. साड्या वेगळ्या, मुंडावळ्या वेगळ्या. मामा एकच होता. तो आमच्या कोठीवरचा पुंडलिक होता.

पुंडलिकची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण हे सगळं लिहिणं त्याच्यासाठीच आहे.

तो पेणच्या खाडीपट्टीतला. घरचं काम मिठागरावरचं. एका पावसाळ्यात बांध फुटला, आगरात खाडी शिरली, आणि हा गिरणीवर पोती उचलायला रोह्याला आला. हॉल बांधला तेव्हा गिरजाबाईंनीच त्याला कोठी सांभाळायला ठेवलं. पातेली, पळ्या, ताडपत्र्या, पाट, तांदूळ, नारळ हे सगळं त्याच्या ताब्यात. लग्नात काहीही कमी पडलं की लोक कोठीच्या दारात जातात आणि पुंडलिक ते आतून काढून देतो. भटजीला सुपारी कमी पडली, दे. नवरदेवाची कट्यार घरी राहिली, त्याने एक लाकडी करून ठेवली आहे, दे. त्याला 'नाय' म्हणताना मी ऐकलेलं नाही. कोठीवाल्याने 'नाय' म्हटलं तर लग्न अडतं, असं त्याचं साधं गणित.

हॉलवरच्या पहिल्या-वहिल्या लग्नात मामाच कमी पडला. पत्रिकेत त्याचं नाव मुलीच्या काकाच्या खाली छापलं होतं म्हणून तो एस.टी. स्टँडवर जाऊन बसला आणि उठेना. मुहूर्त आला. मुलीचा बाप कोठीच्या दारात आला तो सकाळपासूनच्या सवयीने. तिथे पुंडलिक नारळ सोलत होता. गिरजाबाई म्हणाल्या, "पुंडलिक, हात धू नि उभा राहा." तो हात धुऊन उभा राहिला. फेटा कुणाचा तरी होता, तो तसाच त्याच्याकडे राहिला.

एवढं एक लग्न मला ठाऊक होतं. पुढची ठाऊक नव्हती, कारण मुहूर्ताच्या वेळी मी आचाऱ्यापाशी असतो. आमच्या भागात मामा रुसायला फार लागत नाही. कुणाला आणायला जीप पाठवली नाही, कुणाला चहा दुसऱ्यांदा विचारला नाही. आणि मामा नाही म्हटलं की मुलाकडच्या बायका लगेच डोकी एकत्र करतात. त्यापेक्षा कोठीत जायचं. पुंडलिक फेटा बांधायचा, मुलीला पायरी दाखवायचा, मानाची टॉवेल-टोपी घ्यायचा आणि कोठीत परत. त्या टोप्याही त्याने जपून ठेवल्या होत्या. एखाद्या लग्नात टोपी कमी पडली, की त्यातलीच देई.

मुलाकडचे त्याला मुलीचा मामा समजत. मुलीकडचे गप्प बसत. फोटो ज्याच्या त्याच्या घरी, ज्याच्या त्याच्या कपाटात. आठ घरांतले आठ अल्बम एकमेकांना भेटण्याचं काही कारणच नव्हतं. ते मी पेणला नेऊन भेटवले.

"शेठ, हे फोटो बदलूया," मी म्हटलं.

"का? पंखे किती छान आलेत. नि रोह्यात कम्प्युटर बघणार कोण?"

पान तसंच राहिलं. पुंडलिकला सांगितलं, तेव्हा तो चपापलाच. "नाना, त्या पोरींना सासरी काय बोलणार नाय ना?" पण मग हळूच विचारलं, "आठही ठिकाणी माझा चेहरा दिसतो?" दिसतो म्हटल्यावर दिवसभर पातेली घासताना तो शीळ घालत होता.

काही महिने काही झालं नाही. आठांपैकी एकीच्या, नागोठण्याच्या कंपनीतल्या नवऱ्याने ते पान पाहिलं म्हणे आणि बायकोला विचारलं, तुझा मामा एवढ्या लग्नांत कसा? ती शांतपणे म्हणाली, "आमचं खटलं मोठं हाय." विषय संपला.

मग पुंडलिकच्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं.

बहीण पुतळी. त्याच्याहून मोठी, खाडीपट्टीतच दिलेली, नवरा वारलेला. मुलगी किमया ही पुंडलिकच्या गळ्यातला ताईत. तिच्या पहिलीच्या पाटीपासून बारावीच्या पुस्तकांपर्यंत सगळं रोह्यावरून गेलेलं. मुलगा कोलाडकडचा, वडील काळुराम, भाताची बऱ्यापैकी शेती. सुपारी फुटली तेव्हा मुलीचा मामा म्हणून पुंडलिकच पुढे बसला होता, धुतलेल्या शर्टात, अंग चोरून. लग्न अर्थात आमच्या हॉलवर. शेठ म्हणाले, "पुंडलिकच्या भाचीला हॉल माझ्याकडून." पुंडलिकने मला बाजूला घेऊन सांगितलं, "नाना, इतक्या पोरी नेल्या. पण आपली पोर नेताना कसं वाटतं ते बघायचंय."

एके सकाळी काळुराम एकटेच ऑफिसात आले. पंख्याखाली बसले, पाणी प्यायले, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"आमचा धाकटा साईराज ठाण्यात असतो. त्यानं कंपनीतल्या कम्प्युटरवर तुमचा हॉल बघितला."

"कसा वाटला?"

"हॉल बरा हाय. पंखे चांगले हायत. पण तो मामा..."

मी पेन खाली ठेवलं.

"साईराज म्हणतो, बाबा, किमयाचा मामा आठ पोरींना हाताला धरून नेतोय. मी म्हटलं, असेल मोठं घराणं. तर म्हणतो, बाबा, त्यातली एक ब्राह्मणाची हाय, एक मारवाड्याची हाय." काळुराम पुढे वाकले. "नाना, खरं सांगा. हा माणूस धंद्यानं मामा हाय काय?"

"नाही हो. म्हणजे, त्या आठांचा तो मामा नाही. हिचा मात्र खरा आहे."

"त्या आठांच्या सासऱ्यांना पण असंच सांगितलं असेल."

त्यांचं चुकत नव्हतं.

"मला मामाचं काय नाय," ते म्हणाले. "पण मामा भाड्याचा, तर आई कशावरून खरी? उद्या चुलता आणतील तो पण कोठीतलाच असेल. घर दाखवलं ते तरी त्यांचं काय?"

शेठ आतून आले. "काळुराम, मी सांगतो, तो सख्खा मामा हाय. शाळेचा दाखला आणू काय?"

"कागदाचं काय घेऊन बसलात शेठ! कम्प्युटरवर तुमचा हॉल पण दुप्पट दिसतो."

सोमवारी दोन जाणती माणसं घेऊन येतो, तेव्हा काय ते ठरवू, असं सांगून ते गेले.

मी तडक प्रतिक्षाला फोन लावला. पुंडलिकला आठही फोटोंतून काढ म्हटलं.

"काका, कापते. पण त्याचा हात नवरीच्या कोपराला आहे. हात कापायला गेले तर नवरीचं कोपर जाईल."

"हात राहू दे."

"नुसता हात?"

"नुसता हात."

"काका, भुताटकी वाटेल."

"वाटू दे. चेहरा नको."

व्हिडिओही काढायला सांगितला. पुंडलिकला मी यातलं काही बोललो नाही. म्हटलं, चार दिवसांत मिटेल, कशाला उगाच.

सोमवारी ऑफिसात खुर्च्या पुरेनात. काळुराम आणि त्यांची दोन माणसं एका बाजूला, पुतळी खाडीवरून पहाटेच्या एस.टी.ने आलेली, ती दुसऱ्या बाजूला. पुंडलिक दारात, हाताला राख. तो पातेल्यांवरून उठून आला होता.

"शेठ," काळुरामांनी सुरुवात केली, "आम्ही शंका काढली ती काढली. पण तुम्ही तर फोटोच बदललेत! साईराजनं काल परत बघितलं. आता मामा गायब नि नुसता हात हाय. आठ पोरी नि आठ हात! लपवायचं काय नसतं, तर माणूस कापला कशाला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी टेबलावरचा कागद सरळ केला.

पुतळी मात्र भावाकडे वळली. "पुंडल्या! तुला सांगत होते मी, लोकांच्या पोरींचा मामा व्हयत फिरू नको! वाटून वाटून संपलास मेल्या! आता माझ्या पोरीला मामा उरला नाय!"

"पुतळीबाय, मी काय..."

"गप! ह्यांना सांग, मी तुझी कोण? लहानपणी मिठाच्या ढिगावरून तुला ढकलला तो व्रण दाखव!"

पुंडलिकने पायजमा वर करायला घेतला. काळुरामांबरोबरचा एक जाणता म्हणाला, "व्रण कुणालाही असतो."

पण पुंडलिकचं लक्ष तिकडे नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता.

"नाना, मला कापला?"

"अरे, तुझ्याच भल्यासाठी..."

"आठही ठिकाणी?"

"तसं नाही रे..."

"हात ठेवला. हात कामाचा, म्हणून ठेवला. नि तोंड काढलंत." त्याने हाताची राख शर्टालाच पुसली. असा त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मी लोकांची लग्नं सांभाळली. मला कोण काय बोललं नाय, मी कुणाला काय बोललो नाय. नि आज माझ्या भाचीच्या लग्नात मीच खोटा? मग शोधा दुसरा मामा! मी येत नाय लग्नाला!"

तो गेला. पाठोपाठ कोठीचं दार आपटल्याचा आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. एक पातेलंही पडलं. बहुतेक पाडलं.

मग काळुरामांनी हळूच विचारलं,

"रुसला काय?"

"रुसला," मी म्हटलं.

"खरोखर?"

"आतून कडी लावलीय."

काळुरामांनी आपल्या जाणत्यांकडे पाहिलं. दोघांचे चेहरे उजळले होते. काळुरामांनी टोपी डोक्यावर घातली आणि मांडीवर थाप मारली.

"मग खरा हाय! अहो, भाड्याचा मामा कशाला रुसेल? त्याला काय पडलंय? माझ्या लग्नात बायकोचा मामा झाडावर चढून बसला होता. सख्ख्याशिवाय असं कोण करतं?" ते पुतळीकडे वळले. "विहीणबाई, राग मानू नका. मामा अस्सल हाय. लग्न ठरल्याप्रमाणे."

अशा रीतीने लग्न वाचलं. अडचण एवढीच राहिली, की मामा खरोखरच रुसला होता.

इतकी वर्षं पुंडलिकने दुसऱ्यांचे रुसवे निस्तरले होते. स्वतः रुसायची ही पहिली वेळ. त्याला ते इतकं मानवलं, की लग्नाचा दिवस उगवला तरी तो रुसवा सोडेना. काम चोख करत होता. कुणी पळी मागितली, दिली. पाट मागितले, दिले. पण लग्नाचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड.

सकाळी मी कोठीत गेलो. "पुंडलिक, चल, आटप. तुझी माफी मागायला आलोय."

"नाना, तुमच्यावर राग नाय. पण मामाला आणायला गाडी येते."

"अरे, तू हॉलमध्येच राहतोस!"

"मामा कुठं राहतो ते बघायचं नसतं. गाडी यायला पाहिजे."

शेठनी जीप काढली. ती कोठीच्या मागच्या फाटकाशी उभी केली. पुंडलिक इस्त्रीच्या शर्टात पुढच्या सीटवर बसला. जीप हॉलला वळसा घालून पुढच्या दारात आली. आता झालं असं, की त्याला निरोप द्यायला आम्ही सगळेच मागच्या फाटकाशी जमलो होतो. पुढच्या दारात त्याला गंध लावायला, या म्हणायला कुणीही नव्हतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, ड्रायव्हरला म्हणाला, "वळव." आम्ही पुढे धावतोय तोवर जीप मागे गेली आणि कोठीला परत कडी.

काळुराम मांडवात पाहुण्यांना अभिमानाने सांगत होते, "मुलीचा मामा रुसलाय. गाडीतनं माघारी गेला. काय माणूस हाय!"

पण मुहूर्त काही कुणासाठी थांबत नाही. नवरदेव पाटावर उभा राहिला. भटजींनी अंतरपाट झटकला. किमया आतल्या खोलीच्या दारात हिरवा चुडा घालून उभी, आणि तिच्या शेजारची जागा रिकामी. दूरचा एक मामेभाऊ पुढे सरकू लागला, तशी ती म्हणाली, "नाय. माझा मामा येईल."

तेव्हा पुतळी उठली. मला वाटलं, आता ही दार फोडते. मी मागोमाग गेलो. तिने पदर नीट केला आणि दारावर बोटाने हलकेच टकटक केली, परक्या बाईसारखी.

"कोठीवाले कोण हाय काय आत?"

आतलं पातेल्यांचं वाजणं थांबलं.

"मी मुलीची आई. जरा अडचण हाय. आमचा मामा रुसून बसलाय. आयत्या वेळी आता कुठं शोधू? तुमच्याकडं एखादा मिळेल काय?"

मग आतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

"मुहूर्ताला किती वेळ हाय?" आतून कोठीवाल्याचा आवाज.

"भटजीनं अंतरपाट धरला."

"मग आधी नाय काय सांगायचं!" कडी निघाली. फेटा बांधत बांधतच तो बाहेर आला. बहिणीकडे त्याने बघितलं नाही आणि बहिणीनेही त्याच्याकडे. "पोर कुठाय? चला, चला, वाट सोडा."

किमयाच्या कोपराला त्याने हात लावला आणि दोघं निघाली. हॉलमध्ये एकदम कुजबुज झाली, मग थांबली. मी त्या दिवशी आचाऱ्यापाशी नव्हतो. निकेशच्या खांबाला मीच टेकून उभा होतो, कारण निकेशला शेठनी विठूच्या नव्या गॅलरीत चढवलं होतं.

पुंडलिक ताठ चालत होता. आठही फोटोंत त्याची नजर खाली, नवरीच्या पावलांवर आहे. आज मान वर होती. समोर काय दिसत होतं त्याचं त्याला ठाऊक, कारण डोळे भरून आले होते. पायरी आली. इतक्या पोरींना ज्याने ती दाखवली, तो काही बोललाच नाही.

"मामा," किमया हळूच म्हणाली, "खाली बघ. पायरी हाय."

तरी तो अडखळलाच. तिनेच त्याला सावरलं.

आठवड्याने निकेशची नवी कॅसेट घेऊन मी पेणला गेलो. पुंडलिकही बरोबर होता. त्याची एकच अट होती, त्या आठ पोरींचे फोटो काढून टाकायचे, हातासकट. गिरजाबाईंच्या खाली एकच व्हिडिओ राहील, किमया आणि तो.

प्रतिक्षाने कॅसेट लावली. विठूची गॅलरी नेमकी पंख्यांच्या रांगेत निघाली होती. चित्रात पंख्याचं एक भलंमोठं पातं गरगरत होतं आणि पात्याच्या मधून अधूनमधून गुलाबी फेटा दिसे. बाकी काही नाही. आवाज मात्र स्वच्छ होता.

"काका, ह्यात माणूसच दिसत नाही," ती म्हणाली. "हे टाकू?"

मी टेलिफोन उचलून शेठना विचारलं.

"पंखे दिसतात ना?" शेठ म्हणाले. "मग टाक."

मी पुंडलिककडे वळलो. तो कम्प्युटरच्या खोक्याला कान लावून बसला होता.

"गो बाय," तो प्रतिक्षाला म्हणत होता, "पायरीचं तेवढं परत लाव."